दंड गेला, लेट फी आली आणि ‘का उशीर झाला?’ हा प्रश्नही गेला

मंडळी, जीएसटीचं रिटर्न दोन दिवस उशिरा भरलं तरी पोर्टल गुपचूप लेट फी लावून मोकळं होतं. घरात कुणी आजारी होतं का, हिशेब लिहिणारा सोडून गेला का, हे विचारायला समोर माणूसच नाही. पण पहिल्यापासून असं नव्हतं. जरा मागे जाऊन बघू.

1969 साल. राउरकेलाचा पोलाद कारखाना उभारणाऱ्या हिंदुस्थान स्टीलने ओरिसाच्या विक्रीकर कायद्याखाली नोंदणी केली नव्हती, म्हणून दंड झाला. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: दंड लावता येतो म्हणून लावलाच पाहिजे असं नाही. समोरच्याने मुद्दाम कायदा धाब्यावर बसवला, की प्रामाणिकपणे चुकला, हे आधी बघा.

इन्कम टॅक्समध्येही तशी सोय होती. वेळेत रिटर्न भरलं नाही तर कलम 271एफ खाली 5000 रुपये दंड. पण वाजवी कारण दाखवलं तर 273बी खाली सुटका. म्हणजे तुमची बाजू कुणीतरी ऐकायचं.

2012 मध्ये शब्द बदलला. टीडीएसचं विवरण उशिरा दिलं तर दिवसाला 200 रुपये ‘फी’. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या व्हॅटमध्येही लेट फी आली. टीडीएसच्या फीविरुद्ध लोक मुंबई हायकोर्टात गेले. फेब्रुवारी 2015 मध्ये निकाल लागला: हा दंड नाहीच, उशिरामुळे खात्याचं काम वाढतं, त्याची ही फी आहे. फी म्हटल्यावर कारण ऐकण्याचा प्रश्नच मिटला! पुढे 2018-19 च्या आकारणी वर्षापासून 271एफ जाऊन 234एफ आलं. इथेही दंडाऐवजी फी, आणि 273बी ची ढाल नाही.

मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. कायद्यात लेट फी केंद्र आणि राज्य मिळून दिवसाला 200 रुपये. पोर्टल अडकायचं, नियम रोज बदलायचे. व्यापारी ओरडले आणि सरकारला ऐकावं लागलं. जुलै ते सप्टेंबर 2017 ची 3बी ची फी माफ झाली. ऑक्टोबरपासून ती दिवसाला 50 रुपये, भरायचा कर शून्य असेल तर 20 रुपये केली. 2018 च्या शेवटी पुन्हा माफी, 2020 मध्ये कोविडमुळे आणखी एक, 2021 मध्ये आणखी एक.

आता खरी गोम इथे आहे. जीएसटीच्या कलम 128 प्रमाणे ही माफी कौन्सिलच्या शिफारशीवरून सरकार देतं, तीही एखाद्या वर्गाला, अधिसूचना काढून. तुमच्या गावच्या अधिकाऱ्याला तुमची अडचण पटली तरी तो लेट फी माफ करू शकत नाही.

परिणाम काय झाला? 2017 च्या पहिल्या तीन महिन्यांची फी ज्यांनी भरली होती, त्यांना ती निदान कॅश लेजरमध्ये परत मिळाली. पण 2018 ते 2021 च्या योजना ठरावीक मुदतीत रिटर्न भरणाऱ्यांसाठी होत्या. ज्याने उसनवारी करून आधीच फी भरली, तो त्यात बसला नाही. थांबलेला सुटला! यातून लहान दुकानदार काय शिकणार? भरू नका, पुढची योजना येईल.

उशीर झाला तर काहीच भरावं लागू नये, असं माझं म्हणणं नाही. वेळेवर भरणाऱ्यावर तो अन्याय होईल. पण दर दोन वर्षांनी सरसकट माफी देण्यापेक्षा ‘वाजवी कारण’ हे दोन शब्द लेट फीच्या कलमात परत आणा. दवाखान्याचे कागद, पुराचा पंचनामा, पोर्टलवरची तक्रार दाखवली की स्थानिक अधिकाऱ्याला ठरवू द्या. 1969 मध्ये कोर्टाने हेच तर सांगितलं होतं.

तुम्ही कधी लेट फी भरून मग माफी जाहीर झालेली पाहिलीत का? कमेंटमध्ये लिहा.