ओबडधोबड दगडाची भिंत मोबाईलने स्कॅन कशी करायची? आणि स्कॅनला काय दिसत नाही?

मी नांदेडचा, पण आजोळ अहमदपूर तालुक्यात, म्हणजे लातूर जिल्ह्यात. आजीचं घर जुनं, दगड-मातीचं. एक दगड दुसऱ्यासारखा नाही, एक कोपरा काटकोनात नाही. मामा म्हणतो, "पाडून स्लॅब टाकू." आजी म्हणते, "मे महिन्यात तुझ्या स्लॅबखाली दुपारी झोपून दाखव!" मी म्हटलं, आधी स्कॅन करू, मग भांडू.

स्कॅन कसं करायचं?

यासाठी महागडा फोन लागत नाही. फोटोग्रामेट्री ॲप बऱ्याच साध्या अँड्रॉइडवरही चालतं. एकाच भिंतीचे वेगवेगळ्या जागेवरून फोटो घ्यायचे. ॲप सगळ्या फोटोंतले सारखे बिंदू शोधतं आणि त्यावरून थ्रीडी मॉडेल बनवतं. काही आयफोन प्रो मॉडेल्समध्ये लायडार असतं, ते प्रकाश परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा.
- कडक उन्हात सावल्या पडतात, म्हणून सकाळी लवकर काढा.
- भिंतीला मोजपट्टी टेकवून ठेवा. नुसत्या फोटोंवरून ॲपला खरं माप कळत नाही.

वेडावाकडा दगड म्हणजे चूक नाही

गवंडी दगड हातात फिरवून बघतो, कुठे बसेल ते ठरवतो, फटीत कपच्या ठोकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो डोक्यातच पॅकिंग अल्गोरिदम चालवतो. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी हेच काम स्वतः चालणाऱ्या एक्स्कॅव्हेटरला शिकवलं. मशीन प्रत्येक दगड स्कॅन करतं, त्याचं वजन आणि गुरुत्वमध्य काढतं, मग जागा ठरवतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सहा मीटर उंच, 65 मीटर लांब भिंत सिमेंटशिवाय उभी राहिली. दगड तासले नाहीत, आहेत तसे वापरले.

मग किल्लारीत काय झालं?

30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. लोक झोपेत होते, हजारो माणसं गेली. अशाच दगड-मातीच्या घरांखाली.

दोष दगडाच्या आकारापेक्षा बांधणीत जास्त होता. जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची. मधे माती आणि बारीक दगडांचा भराव. दोन्हींना जोडणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्याने त्या एकमेकींपासून सुटतात. वरून माळवदावरच्या मातीचं प्रचंड वजन. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता, त्यांतल्या काही ठिकाणी भिंती पडल्या तरी छत खांबांवर टिकलं.

आणि इथेच स्कॅन थांबतं. कॅमेरा फक्त पृष्ठभाग बघतो. भिंतीच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही.

उपाय काय?

- आरपार दगड: भारतीय मानक आयएस 13828 नुसार उंचीत दर 60 सेंमीला आणि आडवे जास्तीत जास्त 1.2 मीटरवर हवेत. जुन्या भिंतीत हळूच भोक पाडून, हुक असलेली सळई टाकून काँक्रीट भरतात.
- माळवद हलकं करणं: वर्षानुवर्षं चढवलेले मातीचे जादा थर काढायचे.
- पट्टा: चारही भिंतींना एकत्र बांधणारा सलग पट्टा.

यातलं काहीही सिव्हिल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. भोक चुकीच्या जागी पडलं तर भिंतच खाली येईल.

आमच्या घराचं काय झालं?

मॉडेलमध्ये उत्तरेच्या भिंतीला चार सेंमीचा फुगवटा दिसला. रोज बघूनही कुणाच्या लक्षात आला नव्हता. इंजिनिअरने दोन दगड काढून आत पाहिलं. आरपार दगड एकही नाही! म्हणजे मामाची भीती खरी होती. पण लाकडी सांगाडा ठणठणीत निघाला, म्हणजे आजीचा हट्टही अगदीच चुकीचा नव्हता.

घर पाडायचं नाही, दुरुस्त करायचं असं ठरलंय. काम पूर्ण होईपर्यंत आजी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपते. कुरकुर करते, पण झोपते.

तुमच्या गावी असं घर असेल तर पुढच्या सुट्टीत स्कॅन करा. मॉडेल छान दिसलं म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका.