इंजिन ऑइल बदलण्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष : परिणाम आणि उपाय

मोटारगाडीच्या निगेतील कमी खर्चाचे, परंतु वारंवार पुढे ढकलले जाणारे काम म्हणजे इंजिन ऑइल बदलणे. टायर झिजला तर तो डोळ्यांना दिसतो, ब्रेक सैल झाला तर पायाला जाणवतो. इंजिनातील वंगण मात्र निकामी झाले तरी गाडी कित्येक महिने नेहमीसारखीच धावत राहते. त्यामुळे दोन-तीन वर्षे ऑइल न बदललेल्या गाड्या देशाच्या सर्वच भागांत आढळतात. वॉरंटी संपल्यानंतर अधिकृत सेवा केंद्राकडे न गेलेल्या गाड्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या गाड्या आणि मालक परगावी असल्यामुळे दारात उभ्या राहिलेल्या गाड्या यांचा त्यात समावेश होतो. २०२० मधील टाळेबंदीच्या काळातही असंख्य गाड्या महिनोन्महिने जागच्या हलल्या नव्हत्या.

अशा गाड्यांविषयी दोन समज रूढ आहेत. ऑइल एकदा बदलले की मागचे सर्व भरून निघते, हा पहिला. आणि इतका काळ गेल्यावर आता ऑइल बदलण्यात अर्थ नाही, हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. झिजलेला धातू नव्या ऑइलने परत येत नाही; तथापि योग्य क्रमाने व टप्प्याटप्प्याने उपाय केल्यास इंजिनाचे उरलेले आयुष्य बऱ्याच अंशी वाचवता येते.

ऑइलचे कार्य

इंजिन ऑइल केवळ घर्षण कमी करीत नाही. क्रँकशाफ्ट आणि तिच्या बेअरिंगांमध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो आणि धातूला धातू घासू न देण्याचे काम तोच करतो. याशिवाय ऑइल पिस्टनची उष्णता वाहून नेते, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी व आम्ले सामावून घेते आणि धातूला गंजण्यापासून वाचवते. या कार्यांसाठी मूळ तेलात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात. काही रसायने घाण सुटी करतात, काही ती तरंगत ठेवतात, काही आम्लांचा परिणाम नाहीसा करतात, तर जस्त व फॉस्फरसयुक्त संयुगे धातूच्या पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करतात.

ही रसायने वापराने खर्च होतात. म्हणूनच पातळी कमी झाली की वरून ऑइल भरत राहणे हा ऑइल बदलण्याला पर्याय ठरू शकत नाही. वरून भरलेले ऑइल जुन्या ऑइलला थोडा टेकू देते, पण साचलेली घाण इंजिनातच राहते.

ऑइल खराब कसे होते

उच्च तापमानात हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ऑइल घट्ट होऊ लागते. पिस्टनच्या कडेने निसटणारे ज्वलनवायू त्यात काजळी, पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन मिसळतात. इंधन मिसळल्याने ऑइल पातळ होते आणि काजळी वाढल्याने घट्ट होते. त्यामुळे केवळ बोटावर घेऊन त्याच्या दर्जाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

रंगावरून केलेला अंदाजही फसवा असतो. डिझेल इंजिनात नवे ऑइल भरल्यानंतर थोड्याच अंतरात काळे पडते आणि ते स्वाभाविक आहे. याउलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी अत्यल्प असल्याने ऑइल दीर्घकाळ स्वच्छ दिसते. दिल्ली, मुंबई, अहमदाबाद यांसारख्या शहरांतील अनेक सीएनजी वाहनमालक याच कारणाने ऑइल बदलणे लांबवतात. प्रत्यक्षात उष्णतेने होणारा ऱ्हास तेथेही चालूच असतो.

भारतातील बहुतेक पेट्रोल मोटारींसाठी उत्पादक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ती मुदत सांगतात. गाडी वर्षभरात केवळ ३,००० किलोमीटर चालली, म्हणून ऑइल बदलण्याची आवश्यकता नाही, असे मानणे योग्य नव्हे. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचे ऑइल पुरेसे तापत नाही व त्यातील पाणी उडून जात नाही. धुळीचा प्रदेश, वाहतूक कोंडीत तासन्तास चालू राहणारे इंजिन, सततचे घाटरस्ते या परिस्थितीत ही मुदत आणखी कमी करण्याची सूचना माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

गाळ आणि त्याचे परिणाम

ऱ्हास पावलेले ऑइल, काजळी आणि पाणी यांपासून डांबरासारखा चिकट काळा गाळ तयार होतो. मेकॅनिक मंडळी त्याला स्लज म्हणतात. तो प्रथम टॅपेटच्या झाकणाखाली आणि तळाच्या ऑइल चेंबरमध्ये साचतो. चेंबरमधून ऑइल ओढून घेणाऱ्या पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. गाळाने ही जाळी अंशतः बंद झाली की चेंबरमध्ये ऑइल भरपूर असूनही वरच्या भागांना ते पुरेसे मिळत नाही.

ऑइल फिल्टरचेही असेच आहे. फिल्टर पूर्ण तुंबल्यास इंजिन कोरडे पडू नये, यासाठी पर्यायी मार्ग उघडणारी झडप बसवलेली असते. ती उघडल्यावर ऑइल फिरत राहते, परंतु न गाळलेले. म्हणजेच घाण थेट बेअरिंगांपर्यंत पोहोचते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत धोका अधिक असतो. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याला ऑइल पुरवणारी नळी बारीक असते. तिच्यात ऑइल जळून कोळशासारखा थर बसला की टर्बो अल्पावधीत निकामी होतो.

गाळाची समस्या किती व्यापक होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत दिसून आले. टोयोटा कंपनीने २००२ मध्ये, १९९७ ते २००२ या काळातील सुमारे ३३ लाख गाड्यांच्या मालकांसाठी गाळामुळे झालेल्या हानीच्या दुरुस्तीची विशेष योजना जाहीर केली होती. ऑइल बदलण्यातील दिरंगाई हे कारण कंपनीने पुढे केले, तर आपण वेळेवर ऑइल बदलल्याचे अनेक मालकांचे म्हणणे होते. अशा वादात ऑइल बदलल्याच्या पावत्यांना किती महत्त्व येते, हेही त्यातून स्पष्ट झाले.

प्रथम तपासणी, मग प्रवास

दीर्घकाळ दुर्लक्षित गाडी ताब्यात आल्यास ती लगेच लांबच्या प्रवासाला नेऊ नये. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद असताना डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून पातळी पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असल्यास इंजिन सुरू न करता योग्य प्रतीचे ऑइल थोडे थोडे घालून ती खुणांच्या मध्ये आणावी. वरच्या खुणेपेक्षा अधिक ऑइल भरणेही हानिकारक असते; फिरत्या क्रँकशाफ्टमुळे त्याला फेस येतो आणि वंगणाचा दाब कमी होतो.

त्यानंतर ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत विजेरीचा प्रकाश टाकावा. फिकट तपकिरी डाग सामान्य असतात. काळे, जाड थर आढळल्यास गाळ साचल्याचे समजावे. ऑइल दुधाळ दिसल्यास रेडिएटरचे पाणी इंजिनात उतरत असण्याची शक्यता असते. मात्र थंड प्रदेशात लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीत केवळ झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसल्यास ते दवासारखे साचलेले पाणीही असू शकते.

डॅशबोर्डवरील तेलाच्या झारीच्या आकाराचा लाल दिवा ऑइलचा दर्जा दाखवत नाही, तर दाब कमी झाल्याची सूचना देतो. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच काही क्षणांत विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागत नसेल तर दिवा किंवा वायर नादुरुस्त आहे असे समजून दुरुस्ती करून घ्यावी. धावत्या गाडीत हा दिवा लागल्यास पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा मोह टाळून गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि इंजिन तत्काळ बंद करावे. दाब नसताना काही मिनिटे चाललेले इंजिनही जाम होऊ शकते.

टप्प्याटप्प्याने शुद्धी

पातळी योग्य आणि दिवा विझलेला असल्यास गाडी सावकाश जवळच्या गॅरेजमध्ये न्यावी. तेथे दाबमापक लावून कोमट नव्हे, तर पूर्ण तापलेल्या इंजिनाचा दाब मोजून घेणे श्रेयस्कर. दाब उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत असल्यास जुने ऑइल इंजिन ऊन असतानाच काढावे, म्हणजे तरंगणारी घाणही सोबत निघते. फिल्टर प्रत्येक वेळी नवा बसवावा. निघालेल्या ऑइलमध्ये चकाकणारे धातुकण दिसल्यास बेअरिंगांची झीज झाल्याचा संशय घ्यावा. भारतीय रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्येही वंगणाच्या नमुन्यातील लोखंड, तांबे आदी धातूंचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासून इंजिनातील झीज ओळखली जाते, ती याच तत्त्वावर.

नवे ऑइल भरल्यावर त्यातील रसायने जुना गाळ हळूहळू विरघळवू लागतात. म्हणून हे पहिले ऑइल पूर्ण मुदतीपर्यंत वापरू नये. साधारणपणे १,००० किलोमीटरनंतर ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावे, त्यानंतर सुमारे ३,००० किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे आणि झाकणाखालील भाग स्वच्छ होत असल्याचे दिसल्यास नेहमीच्या मुदतीवर यावे. या काळात गाडी अतिवेगाने चालवू नये, भारी ओझे नेऊ नये आणि डिपस्टिक दर आठवड्याला पाहावी.

दाब कमी भरल्यास किंवा गाळ जाड असल्यास केवळ ऑइल बदलण्यावर विसंबू नये. ऑइल चेंबर उतरवून पंपाची जाळी हाताने स्वच्छ करणे हाच विश्वासार्ह मार्ग होय. त्यानंतरही दाब वाढला नाही किंवा खालून ठोके ऐकू येत राहिले, तर इंजिन उघडावे लागते.

फ्लशिंगचा धोका

जुन्या ऑइलमध्ये द्रावक मिसळून इंजिन काही मिनिटे चालवण्याच्या पद्धतीला फ्लशिंग म्हणतात. काही ठिकाणी त्यासाठी रॉकेल किंवा डिझेलही वापरले जाते. स्वच्छ इंजिनात सौम्य फ्लशिंगने सहसा बिघाड होत नाही. परंतु गाळाने भरलेल्या इंजिनात मोठे लपके एकदम सुटून पंपाच्या जाळीत अडकू शकतात. शिवाय रॉकेल-डिझेल इतके पातळ असते की बेअरिंगांमधील संरक्षक थर टिकत नाही. दुर्लक्षित इंजिनासाठी हा उपाय टाळणेच हिताचे.

ऑइल बदलल्यानंतर सीलमधून गळती सुरू झाल्याची तक्रार काही वेळा होते. नव्या ऑइलने सील खराब केले, असा तिचा अर्थ नसतो. आधीच कडक झालेल्या किंवा झिजलेल्या सीलची फट गाळाने बुजलेली असते, ती मोकळी होते. असे सील बदलून घ्यावेत.

योग्य ऑइलची निवड

डब्यावरील ५डब्ल्यू-३० यांसारखे अंक ऑइलची प्रवाहिता दर्शवतात. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी असून त्याआधीचा अंक थंडीतील आणि नंतरचा अंक तापलेल्या स्थितीतील प्रवाहिता सांगतो. अमेरिकेतील एपीआय संस्थेच्या वर्गीकरणात ‘एस’ने सुरू होणाऱ्या श्रेणी पेट्रोल इंजिनांसाठी आणि ‘सी’ने सुरू होणाऱ्या श्रेणी डिझेल इंजिनांसाठी असतात. आवाज दाबण्यासाठी मुद्दाम अधिक घट्ट ऑइल भरल्यास बारीक मार्गांतून ते वेळेत पोहोचत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात लागू झालेल्या बीएस-६ निकषांनुसार बनलेल्या, काजळी गाळणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांना कमी राख सोडणारे विशिष्ट ऑइलच लागते. ऑइल पक्क्या पावतीसह घ्यावे आणि रिकामा डबा फोडून टाकावा, कारण अशा डब्यांतून बनावट ऑइल विकले जाते.

वापरलेल्या ऑइलची विल्हेवाट

काढलेल्या ऑइलमध्ये धातू आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगे असतात. ते गटारात, विहिरीजवळ किंवा उघड्या जमिनीवर ओतू नये, तसेच जळणासाठी वापरू नये. त्वचेशी वारंवार संपर्कही अपायकारक असल्याने हातमोजे घालावेत. वापरलेले ऑइल भारतात घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्याच्या पुनर्वापराची विस्तारित जबाबदारी ऑइल उत्पादकांवर आणि आयातदारांवर टाकण्यात आली आहे. वाहनमालकाने ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोहोचवणाऱ्या गॅरेजला द्यावे.

खर्चाचा हिशेब

नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही. वेळापत्रकानुसार सर्व्हिसिंग केले नसल्यास उत्पादकाची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते. म्हणजे जाम झालेल्या इंजिनाचा संपूर्ण भार मालकावरच पडतो आणि अनेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो गाडीच्या बाजारभावाच्या जवळ पोहोचतो. त्या तुलनेत कमी अंतराने तीन वेळा ऑइल व फिल्टर बदलण्याचा खर्च अल्प आहे. जुनी गाडी घेताना सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. त्या नसतील तर ऑइल बदललेले नाही असेच गृहीत धरून सुरुवात करावी आणि प्रत्येक बदलाची तारीख व किलोमीटर लिहून ठेवावेत.