'सा. न. वि. वि.', देवनाग आणि जोतिबाच्या दऱ्या

जुन्या मराठी पत्राच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' एवढीच अक्षरे येत आणि वाचणारा ती 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी मनातल्या मनात उलगडून घेई. संगणकाच्या परिभाषेत अशा आखूड खुणेला मॅक्रो म्हणतात आणि ती उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला मॅक्रो प्रोसेसर. ख्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६५मध्ये असा एक प्रोसेसर मांडला. १९७७मध्ये कर्निहॅन व रिची यांचा 'एम-फोर' आला. डोनाल्ड क्नूथ यांची 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणालीही मॅक्रोंवरच उभी आहे.

हा इतिहास मराठीच्या अभ्यासकांनाही परका नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९८३च्या सुमारास देवनागरीसाठी रोमन अक्षरांची लेखनपद्धती बांधली आणि टेकमधून देवनागरी छापण्याची सामग्री सिद्ध केली. तिच्यात 'देवनाग' हा प्रोग्रॅम आहे. रोमन अक्षरांत टंकलेला 'जोतिबा' वाचून तो टेकला कळणाऱ्या खुणांत बदलतो. 'ति'मधली वेलांटी उच्चारात 'त'नंतर येते, कागदावर मात्र त्याच्या आधी. ही उलटापालट देवनागच करतो, आणि जोडाक्षरांची जुळणीही.

खरी परीक्षा याच्या पुढे आहे. जोतिबाच्या डोंगरावरून दिसतात त्या 'दऱ्या'. 'दर्या' म्हणजे समुद्र. संस्कृतला वा हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे केवळ त्या भाषांपुरते पाहणाऱ्याने तो सहज गाळला असता. वेल्थुइस पद्धतीत 'र'च्या रोमन अक्षराआधी एक नागमोडी रेघ दिली की मराठीचा 'ऱ्या' उमटतो. ती सोय नसती तर वाडी रत्नागिरीच्या पायथ्याशी लाटा आदळू लागल्या असत्या! आमच्या मते लिपीच्या इतिहासात या रेघेची नोंद व्हायला हवी.

परंतु साधन घडवणे वेगळे आणि ते वापरणाऱ्याच्या हाती पोहोचवणे वेगळे. देवनाग सी भाषेत लिहिलेला. तो निरनिराळ्या संगणकप्रणालींसाठी स्वतंत्रपणे तयार करावा लागतो. अक्षरसंच, मॅक्रोंच्या फाइली ज्या त्या जागी ठेवाव्या लागतात. प्रोग्रॅम नव्या आवृत्तीचा आणि मॅक्रो जुने असा मेळ चुकला, तर एकाने लिहिलेली खूण दुसऱ्याला ओळखता येत नाही. हा सारा संसार एका गाठोड्यात बांधणे, त्यावर नाव, आवृत्ती व परवाना लिहिणे, हे पॅकेज करणाऱ्याचे काम. १९९६पासून निघणाऱ्या 'टेक लाइव्ह' या संग्रहात 'वेल्थुइस' याच नावाने हे गाठोडे मिळते. २००८पासून त्या संग्रहाला पॅकेज मॅनेजरही आहे. नाव सांगितले की उरलेली जुळवाजुळव तो करतो.

२००४मध्ये आलेला 'झीटेक' युनिकोड थेट वाचतो; नव्या लेखनाला देवनागची गरज उरली नाही. मग हे गाठोडे कशाला सांभाळायचे? विशिष्ट फाँटशी जखडलेले जुने मराठी लेख तो फाँट हरवताच निरर्थक चिन्हांचा ढीग होतात, हे संपादन करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. वेल्थुइस पद्धतीतला मजकूर नुसत्या डोळ्यांनीही वाचता येतो, आणि देवनाग हाताशी असेल तर त्या काळातल्या फाइलीतली नागमोडी रेघ आजही 'दऱ्या' म्हणूनच छापून येते.