पुलाचा पाय कुठे बांधलाय?

सिव्हिल शिकून आयटीत घुसलेल्या हजारोंपैकी मी एक. फरक इतकाच की आमची टीम पुलांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे चार वर्षांचं शिक्षण अगदीच वाया गेलं नाही, असं घरी सांगता येतं.

परवा एक टेस्ट केस बनवत होतो. ४० मीटरचा साधा पोलादी गर्डर. तापमान ३० अंशांनी वाढवलं आणि गर्डरमध्ये ७२ मेगापास्कल दाब आला! वर गाडी नाही, घोडा नाही. तासभर कोडमध्ये बग शोधला. शेवटी शेजारचा सीनियर स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अरे, याला पसरायला जागा कुठे ठेवलीयस?"

खरंच की. दोन्ही टोकांना 'पिन' होती. एका टोकाला रोलर दिला असता तर गर्डर जेमतेम दीड सेंटिमीटर सरकला असता आणि दाब शून्य. कोड बरोबर होता, मीच त्याला खोटा पूल सांगितला होता.

त्या रात्री ब्रिटानिया पुलाबद्दल वाचत बसलो. वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला हा रेल्वेपूल १८५० साली सुरू झाला. (आपली बोरीबंदर-ठाणे रेल्वे बांधणारा जेम्स बर्कली याच स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला.) पूल म्हणजे घडीव लोखंडाची चौकोनी नळी आणि गाडी तिच्या पोटातून जाणार. मधले दोन गाळे ४६० फुटांचे, कडेचे दोन २३० फुटांचे, आणि सलग नळी १५११ फूट. ३० अंशांच्या फरकाने ती १६ सेंटिमीटरच्या आसपास लांबणार. स्टीफन्सनने नळी फक्त मधल्या मनोऱ्यावर पक्की केली आणि बाकी सगळीकडे रोलरवर ठेवली. म्हणजे प्रत्येक टोकाच्या वाट्याला निम्मीच हालचाल.

खरी गंमत पुढे आहे. मोठ्या नळ्या सुट्या उचलून आधारांवर ठेवल्या होत्या. सुटी नळी स्वतःच्या वजनाने मध्ये वाकते. वाकून झाल्यावर सांधली तर सांध्याला त्या वजनातलं काहीच घ्यावं लागत नाही, तो फक्त नंतर येणाऱ्या गाडीचं ओझं वाटून घेतो. म्हणून त्यांनी शेजारच्या नळीचं पलीकडचं टोक आधी वर उचललं, सांध्यात रिव्हेट मारले आणि मग टोक खाली सोडलं. सांधा ताणला गेला आणि मधला भार हलका झाला. सलग गर्डरचं गणित सोपं करणारं क्लापेरॉनचं प्रमेय आलं १८५७ साली, म्हणजे पूल सुरू झाल्यावर सात वर्षांनी!

आज याला आम्ही 'कन्स्ट्रक्शन स्टेज' म्हणतो. ती न सांगता सगळे आधार एकदम दिले, तर सॉफ्टवेअर समजतं की पूल तयार होऊनच आकाशातून पडला. आकडे तरीही सुबक येतात, आणि भीती त्याचीच वाटते.

१९७० साली आगीत त्या नळ्या निकामी झाल्या आणि त्यांच्या जागी पोलादी कमानी आल्या. तोवर १२० वर्षं गाड्या धावल्या.

असो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधार निवडायच्या खिडकीत 'पिन' आधीच निवडलेली असते. परवा मी ती बघितलीही नव्हती. सोमवारी मीटिंगमध्ये सांगणार आहे, ती जागा रिकामी ठेवा. एक क्लिक वाढेल, लोक कुरकुर करतील. करू देत.