साक्ष कुणाची मानायची?

३० सप्टेंबर १९९३ ही तारीख मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे स्वतःच्याच घराच्या दगडांखाली गेली. त्याआधीच्या वर्षाची गोष्ट मात्र क्वचितच निघते. १९९२च्या पावसाळ्यापासून या भागात धक्के जाणवत होते. पुस्तकात दख्खनचे पठार म्हणजे भक्कम भूमी. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

मोठा धक्का कधी येणार, हे कुणालाच सांगता आले नसते. आजही येत नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्ञानाच्या दरबारात साक्ष कुणाची घ्यायची आणि ती पारखायची कशी?

भूकंपशास्त्र या बाबतीत मनाने मोठे आहे. इटलीच्या मर्काली यांनी १९०२ मध्ये तीव्रतेची श्रेणी मांडली, तिचा आधार साधी निरीक्षणे. टांगलेली वस्तू हलली का? झोपलेला माणूस जागा झाला का? भिंतीला भेग पडली का? इथे कुणाची पदवी विचारत नाहीत. एका गावातल्या दहा जणांची उत्तरे शेजारी ठेवली, की वाढवून सांगणारा आपोआप वेगळा दिसतो.

पारख तिथेच संपत नाही. किल्लारीची घरे जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचे जड माळवद. असे घर सिमेंटच्या घराआधी कोसळते. म्हणजे ‘घर पडले’ ही साक्ष खरी असूनही घराची बांधणी पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. सांगणाऱ्याने आपले काम केलेले असते, ऐकणाऱ्याचे बाकी असते.

दुसरी रीत हदीसच्या अभ्यासकांची. प्रत्येक वचनामागे सांगणाऱ्यांची साखळी, तिला इस्नाद म्हणतात. याने ज्याचे नाव घेतले त्याला तो भेटणे शक्य होते का? त्याची स्मरणशक्ती कशी, सचोटी कशी? हे तपासून मगच स्वीकार. सांगणाऱ्यांत स्त्रियाही होत्या आणि त्यांची कथने ग्राह्य धरली गेली. इथे माणूस पारखला जाई, पण त्याच्या श्रीमंतीवरून नव्हे.

आज अभ्यासकांची मंडळे संगणकावर भरतात. समोरचा कोण, हे दिसत नाही. मग सोपा उपाय सुचतो: पदवी दाखवा, ओळखपत्र दाखवा. तसे केले तर शिवारातली म्हातारी दारातूनच परत जाईल. काहीच न पाहिले तर अफवा आत शिरेल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९९ पासून इंटरनेटवर मधला मार्ग काढला. धक्का जाणवलेल्या कुणीही उत्तरे भरावीत. नावाची सक्ती नाही, ठिकाण मात्र सांगायचे. मग त्या भागातली सारी उत्तरे एकत्र ताडून पाहायची.

न्याय्य पारख मला अशी दिसते: सगळ्यांना सारखे प्रश्न, दाव्याच्या वजनाइतका पुरावा, नाकारले तर कारण आणि पुन्हा बोलण्याची मुभा.

२००२ मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलला. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. ज्यांच्या पायाखालची जमीन हलते, त्यांना नकाशा काढणाऱ्यांच्या बैठकीत एक सतरंजी तरी असावी.