नागपूरचा ठराव आणि लातूरची जागा

नांदेड व लातूर हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं असतां, सन १९४२ च्या जुलै महिन्याच्या २० तारखेस नागपूर येथें अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानीं सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनींही तेथें भाषण केलें. पतीपासून काडीमोड घेण्याचा हक्क, बहुपत्नीकत्वास बंदी, गिरणींतील कामकरी स्त्रियांना पगारी रजा व निवृत्तिवेतन, असे ठराव परिषदेनें संमत केले. त्यांत आणखी एक ठराव होता : कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांकरितां जागा राखून ठेवाव्या. गांवच्या पाणवठ्यावर ज्यांना घागर बुडवितां येत नव्हती, त्यांनीं दया मागितली नाहीं. कायदा करणाऱ्यांत वांटा मागितला.

चारच वर्षांनीं, १९४६ मध्यें, दाक्षायणी वेलायुधन घटना समितींत दाखल झाल्या. तेथें दलित स्त्री अशी ती एकच. अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें पहिली कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम निवडून आली ती १९६८ सालीं. वाट येथें आधीं उघडली, हें खरें. परंतु ती रुंद झाली काय?

याचें उत्तर मराठवाड्यांतच सांपडतें. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानें २०११ मध्यें त्या निम्म्यावर नेल्या. दलित वस्तींतील स्त्री सरपंचाच्या खुर्चीवर बसूं लागली ती यामुळें. दिल्लीची गोष्ट मात्र निराळी. लातूरची लोकसभेची जागा सर्वसाधारण होती, तेव्हां २००४ मध्यें रूपाताई पाटील निलंगेकर तेथून निवडून आल्या. २००९ पासून ती अनुसूचित जातींकरितां राखीव झाली. त्यानंतरच्या चारही सार्वत्रिक निवडणुकींत तेथून पुरुषच विजयी झाले. जात मोजली गेली, त्या जातींतील स्त्री मोजावयाची राहून गेली.

ही उणीव २०२३ च्या घटनादुरुस्तीनें ओळखली आहे. अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकींही एकतृतीयांश त्या जातींतील स्त्रियांना द्याव्या, असें तींत म्हटलें आहे. मात्र अंमल जनगणना व मतदारसंघांची फेरआंखणी यांवर सोंपविला आहे. नागपूरच्या मंडपांत झालेल्या मागणीस कायद्यानें होकार देण्यास एक्यायशीं वर्षें लागलीं. हक्क देणगी म्हणून हातीं येत नाहीं; तो मागणाऱ्यांनीं पिढ्यानपिढ्या मागत राहावें लागतें.