पोर्टहोल म्हणजे खिडकी, जंगी की दिंडी?

पुरातत्त्वाच्या पुस्तकात ‘पोर्टहोल’ हा शब्द आला की डोळ्यांपुढे जहाज उभं राहतं. पितळी चौकट, जाड गोल काच, पलीकडे समुद्र. तोच शब्द कर्नाटकातल्या महाश्मयुगीन दगडी थडग्यांना लावलेला दिसला की नवा विद्यार्थी गोंधळतो. मेलेल्या माणसाला खिडकी कशाला? हा प्रश्न भाबडा नाही. संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलेल्याने तो विचारायलाच हवा.

आधी शब्दाकडे बघू. यातल्या ‘पोर्ट’चा अर्थ बंदर नव्हे. हा शब्द लॅटिन ‘पोर्टा’वरून, म्हणजे दारावरून आला आहे. जहाजाच्या बाजूला ही दारं मोठ्या संख्येने पाडली गेली ती साधारण १५०० च्या सुमारास, आणि ती हवेसाठी नव्हती, तोफांसाठी होती. जड तोफा खालच्या मजल्यावर ठेवायच्या तर बाजूला भोकं हवीत, आणि भोकं म्हटली की झडपा आल्या. झडपा उघड्या राहिल्या आणि जहाज कललं, की पाणी आत. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ १५४५ मध्ये आणि स्वीडनचं ‘वासा’ १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं, तेव्हा दोन्हीकडे खालच्या रांगेतल्या तोफांच्या भोकांतून पाणी शिरलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मराठा आरमाराचं गुराब घ्या. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबाचं वर्णन केलं आहे. पुढच्या डेकखाली दोन तोफा असत. आडव्या लाकडी भिंतीत कापलेल्या भोकांतून त्यांची तोंडं पुढे निघत आणि मारा नाळेवरून होई. म्हणजे आंग्र्यांच्या काळात पोर्टहोल हे बघण्यापेक्षा मारण्याचं साधन होतं. अशा भोकाला किल्ल्याच्या तटात आपण ‘जंगी’ म्हणतो. सोलापूरच्या भुईकोटात फिरताना ती तुम्ही पाहिली असेलच. काच लावलेली गोल खिडकी हा शब्दाचा नंतरचा अर्थ.

आता थडग्यांकडे. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली शिलावर्तुळं प्रसिद्ध आहेत, पण भोक असलेल्या शिळांची दगडी पेटी ही त्यांची ओळख नाही. ती बघायला सोलापूरकराने उलट दिशेला, भीमेच्या प्रवाहाबरोबर जावं. पंढरपूरची भीमा पुढे फिरोजाबाद-जेवरगीकडे जाते. तिथे कर्नल मेडोज टेलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दगडांचे ढीग असलेली थडगी खणली. त्या काळी सुरपूर संस्थानाचा कारभार त्याच्याकडे होता. १८५३ मध्ये तो नळदुर्गला आला, म्हणजे आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. लोक त्याला ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे ओळखतात. पण त्याने काढलेले उत्खननाचे छेद इतके काळजीपूर्वक आहेत की शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरने त्यांची तारीफ केली.

आजच्या यादगीर जिल्ह्यातल्या राजन कोळूरची जमिनीवर उभी दगडी घरंही टेलरने नोंदवली. मोठमोठ्या शिळांच्या भिंती, वर छताची शिळा आणि काहींच्या एका भिंतीत गोल भोक. लोक त्यांना ‘मोरियर मने’, म्हणजे मोरियांची घरं म्हणतात, आणि हे मोरिये बुटके होते असं सांगतात. (‘मने’ म्हणजे घर हे सोलापुरात वेगळं सांगावं लागत नाही.) इथे दोन मोह होतात. एक, मोरिय म्हणजे मौर्य असं जाहीर करून टाकायचं. दुसरा, मराठीतली मोरी आणि हे भोक यांची सोयरीक जुळवायची. नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर प्रकरण उभं करू नका, व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येईल.

टेलरने या सगळ्याला ‘सिथो-ड्रुइडिकल’ ठरवलं, कारण असे दगड त्याला ब्रिटनमध्ये माहीत होते. पुढेही तेच झालं. फ्रान्समधल्या थडग्यांत भोकाच्या शिळा आहेत, कॉकेससमधल्या दगडी घरांत तर भोकाला दगडी बूचसुद्धा आहे. सगळ्यांना ‘पोर्टहोल’ हे एकच नाव मिळालं आणि मग ही कल्पना एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली असणार, असं मांडणं सोपं झालं. कॉकेससची थडगी मात्र इसवीसनपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या सहस्रकातली. व्हीलरने १९४७ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला उत्खनन करून तिथल्या थडग्यांचा काळ इसवीसनपूर्व २०० च्या आसपास सुरू केला होता. नंतर हळ्ळूरच्या कार्बन तारखांनी दक्षिणेतलं लोहयुग इसवीसनपूर्व १००० च्या सुमारापर्यंत मागे नेलं. तरीही मधलं अंतर उरतंच.

ब्रह्मगिरीचा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे ग्रॅनाइटच्या चार शिळा स्वस्तिकासारख्या एकमेकींना टेकवलेल्या आहेत, त्यामुळे बाहेरच्या मातीचा दाब आला तरी पेटी आत कोसळत नाही. पूर्वेच्या शिळेत गोल भोक, अंगण म्हणावं तसा छोटा मार्ग, आणि बंद करायला वेगळी शिळा. आत मडकी, लोखंडी वस्तू आणि एकाहून अधिक माणसांची सुटी हाडं. प्रेत दुसरीकडे ठेवून नंतर हाडं गोळा करून आणली, असा व्हीलरचा निष्कर्ष. पण ही पेटी जमिनीत पुरलेली आहे! माती लोटल्यावर भोकातून ना उजेड येणार, ना कुणी डोकावणार. राजन कोळूरचं भोक मात्र उघड्यावर, आजही हात घालता येईल असं. या दोघांना एकच शब्द लावला की हा फरक बुजतो.

मग मराठीत काय म्हणायचं? ‘गवाक्ष’ म्हटलं की प्रकाश आणि दृष्टी आली. जर्मन अभ्यासकांचा ‘आत्म्याचं भोक’ या अर्थाचा शब्द आहे, तो घेतला की श्रद्धा आधीच गृहीत धरली. आपल्याकडे अंत्यविधीत मडक्याला दगडाने भोक पाडतात, हे लगेच आठवतं. पण मधल्या अडीच हजार वर्षांचा दुवा दाखवता येत नसेल तर ते तळटीपेतच बरं. मला ‘दिंडी’ जवळचा वाटतो, मोठ्या दरवाजातलं वाकून शिरायचं छोटं दार. ब्रह्मगिरीला तो चालावा, कारण तिथे मार्ग आहे आणि झाकणही आहे. राजन कोळूरला सध्या मी नुसतं ‘भोक’ लिहितो.

दिंडी खरी की नाही हे तपासताही येतं. मडकी छत ठेवण्याआधी वरून मांडता येतात, त्यासाठी भोक लागत नाही. भोकाची गरज पडते ती छत बसल्यावर, म्हणजे नंतर कुणाची हाडं आणायची असतील तर. तसं वारंवार झालं असेल तर आत हाडांचे वेगवेगळे थर सापडायला हवेत आणि भोकाची खालची कड वरच्यापेक्षा जास्त गुळगुळीत हवी. म्हणून माझ्या नोंदपत्रकात व्यासाबरोबर दिशा, तळापासूनची उंची, झाकणाची शिळा आणि चारही बाजूंची झीज असे रकाने आहेत. जुन्या अहवालांत व्यास आणि दिशा मिळतात, झिजेची नोंद क्वचित. ती शिळेपाशी बसूनच घ्यावी लागते, आणि शेतातल्या शिळा बांधाला, खडीला जात आहेत.